शेनसर काय लिहीत होते

"पुन्हा त्याच वर्गावर?" शेनसरांनी विचारलं, आणि विचारता विचारता त्यांचा हात कोटाच्या आतल्या खिशावर गेला. तिथं ते पत्र होतं. पत्र येऊन बरेच दिवस उलटले होते. उत्तर अजून गेलं नव्हतं.

"त्याच वर्गावर," लुओसाहेब म्हणाले. "गुरुवारी, सकाळच्या दुसऱ्या तासाला. आणि या खेपेला मीही तुमच्या शेजारी बसणार आहे."

लुओसाहेब विद्यापीठाच्या अध्यापन विभागाचे उपप्रमुख. कधीकाळी रसायनशास्त्र शिकत असताना ते शेनसरांच्या इंग्रजीच्या वर्गात होते, त्यामुळे अजूनही सर आत आले की ते खुर्चीतून अर्धे उठायचे आणि मग आपलं पद आठवून परत बसायचे. टेबलावर चहाचे दोन झाकणवाले पेले होते. सरांनी आपल्या पेल्याचं झाकण उघडलंच नव्हतं.

"एका सत्रात एकाच वर्गावर दोनदा जायचं नाही, असा नियम आहे ना आपला?"

"नियम मीच केलाय, सर. पण थानबाईंचा करार या सत्राबरोबर संपतोय. आणि कागदावर तुमचा शेरा आहे." लुओसाहेबांनी फाईल उघडली नाही, शेरा त्यांना पाठ होता. "'विद्यार्थ्यांमध्ये बोलण्याची प्रेरणा दिसत नाही.' वरून मला विचारतात, इंग्रजी बोलण्याच्या तासाला कुणी बोलतच नसेल तर त्या बाईंना ठेवायचं कशाला? म्हटलं, एका शेऱ्यावर कुणाची नोकरी गेली असं नको व्हायला. अजून एकदा बघू. पुन्हा तसंच दिसलं, तर मात्र माझ्या हातात काही राहत नाही."

शेनसर नुसती मान हलवत राहिले. नकार देता येईल असं एखादं वाक्य ते मनात जुळवत होते. ते जुळेपर्यंत लुओसाहेब दुसऱ्या फोनवर बोलायला लागले होते.

निवृत्त शिक्षकांपैकी काही जणांना विद्यापीठ निरीक्षक म्हणून परत बोलावून घेतं. मागच्या बाकावर बसायचं, तास ऐकायचा, छापील कागदावर गुण द्यायचे, आणि खाली दोन ओळी लिहायच्या. शेनसरांना हे काम मानवलं होतं, कारण त्यात कुणाशी बोलावं लागत नसे. दोन ओळी तर त्यांच्याकडे तयारच असत. 'फळ्याचा उपयोग चांगला.' 'वेळेचे नियोजन हवे.' 'प्रेरणा दिसत नाही' ही त्यांतलीच एक. त्या दिवशी तास संपत आला होता, वर्ग गप्प होता, आणि हाताला लागली ती ओळ त्यांनी लिहून टाकली होती. एवढ्याशा ओळीपायी एका बाईंची भाकरी जाईल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

पत्र आलं ते त्यानंतर. यांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाच्या त्या वर्गानं ते इंग्रजीत लिहून फाटकावरच्या चौकीत ठेवलं होतं.

'आदरणीय निरीक्षक आजोबा,' पत्रात लिहिलं होतं, 'तुम्ही आमच्या वर्गात आलात आणि मागे बसलात. समरने तोंड उघडलं, तुमचं पेन हललं. रॉकेटने तोंड उघडलं, तुमचं पेन हललं. मग कुणीच तोंड उघडलं नाही. नंतर आम्हाला वाचून दाखवण्यात आलं की आमच्यात बोलण्याची प्रेरणा नाही. थानबाई आमच्यावर रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आजोबा, आमचा एकच प्रश्न आहे. तुम्ही काय लिहीत होता?'

खाली सह्या होत्या. समर, रॉकेट, ॲपल, थंडर आणि आणखी कितीतरी. बोलण्याच्या तासासाठी प्रत्येकानं स्वतःला एक इंग्रजी नाव घेतलं होतं. हजेरीपटावर अर्थातच यातलं एकही नाव नव्हतं. त्यामुळे कुठली सही कुणाची, हेही नीटसं कळण्याची सोय नव्हती.

पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा शेनसरांनी सवयीनं लाल पेन उचललं होतं आणि एक स्वल्पविराम दुरुस्त केला होता. मग त्यांना स्वतःचीच इतकी लाज वाटली, की ते पेन त्यांनी खणात तळाशी टाकलं.

ते काय लिहीत होते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते शब्द लिहीत होते. तरुणपणी सरकारनं शहरातल्या इतर पोरांबरोबर खेड्यात शेतावर राबायला धाडलेलं असताना त्यांना पुठ्ठा नसलेला एक इंग्रजी शब्दकोश मिळाला होता. त्या शब्दकोशावर ते इंग्रजी शिकले, एकट्यानं, डोळ्यांनी. पुढे ते विद्यापीठात शिक्षक झाले. कठीण उतारे सोडवून दाखवायचे, फळ्यावर व्याकरण मांडायचं, यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. उतारा मोठ्यानं वाचायची वेळ आली की टेपरेकॉर्डर बोलायचा, सर बटण दाबायचे. सगळी नोकरी अशी गेली. निवृत्तीनंतर मागच्या बाकावर बसून मोबाइलवर वाढलेल्या पोरांचं इंग्रजी कानावर पडायला लागलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की कितीतरी शब्द आपण जन्मभर मनातल्या मनात चुकीचेच म्हणत आलो. असा शब्द कानावर आला की ते तो टिपून घेत. घरी जाऊन त्याचा उच्चार बघत, दार लावून दोनदा पुटपुटत. पेन हलायचं ते त्यासाठी. मुलांच्या चुका त्यांनी कधी टिपल्याच नव्हत्या. तेवढा अधिकार आपल्याला आहे असं त्यांना वाटतच नव्हतं.

हे लिहायचं कसं?

"दिलंस का उत्तर?" दुपारी जेवताना त्यांच्या बायकोनं विचारलं. पेइझेननं कोंबडीचं सूप केलं होतं आणि त्यात भाजलेले कुरकुरीत तांदूळ घालून वाडगा त्यांच्यापुढे सरकवला होता. "खा आधी, मऊ पडतील."

"नाही दिलं."

"म्हाताऱ्या, पोरांनी एक ओळ विचारलीय. तू एक ओळ लिही. यात एवढं झिजण्यासारखं काय आहे?"

"काय लिहू? की बोलण्याच्या तासाचा निरीक्षक मागे बसून शब्द गिरवत होता?"

"मग काय भाजीचा हिशेब करत होतास असं लिहितोस?"

"हसतील."

"हसू देत की. तुझ्याकडे बघून कुणी हसलंय, याला किती वर्षं झाली?"

सरांनी तांदूळ चमच्यानं सुपात दाबले. "गुरुवारी परत जायचंय. लुओ बरोबर असणार. बाईंचं त्या तासावर ठरणार आहे."

पेइझेनचा हात थांबला. थानबाईंना ती भाजीबाजारात बघत असे. सहा-सात वर्षांची मुलगी असायची बरोबर, बाईंच्या कोटाचं टोक धरून चालणारी. नवरा दूर शेनझेन शहरात कुठल्याशा कारखान्यात होता, वर्षातून एकदा यायचा.

"म्हणजे तुझ्या त्या एका ओळीनं..." ती म्हणाली. तिनं सरांचा वाडगा उचलून त्यात पुन्हा गरम सूप ओतलं. "पेन घरी ठेवून जा," ती म्हणाली.

बुधवारी संध्याकाळी शेनसर थर्मास भरायला विद्यापीठाच्या आवारातल्या गरम पाण्याच्या खोलीत गेले, तर नळाशी थानबाई उभ्या होत्या. दोघंही दचकले. तपासणीच्या आदल्या दिवशी निरीक्षकानं आणि शिक्षकानं एकमेकांना भेटायचं नसतं. सर मागे फिरणार तेवढ्यात बाई बोलल्या. त्या नळाकडे बघत बोलल्या, सरांकडे नाही.

"शेनसर, तुम्हाला उद्या दिसेलच, म्हणून आधी सांगते. पोरं तालीम करतायत. आठवडाभर रोज संध्याकाळी. मी सांगितलेलं नाही. नको म्हटलं, तर म्हणतात, बाई, तुम्ही यात पडू नका."

"तालीम म्हणजे?"

"उत्तरं पाठ केलीयत. आणि हातांची खूण ठरवलीय. ज्याला येतं त्यानं उजवा हात वर करायचा, ज्याला येत नाही त्यानं डावा. म्हणजे सगळ्यांचेच हात वर दिसतील आणि मी फक्त उजव्या हातवाल्यांना उठवायचं." त्यांनी एकदाच सरांकडे पाहिलं. "मी म्हटलं, कुठला हात ते मी बघणारच नाही. तुमच्याकडून मला काही नकोय, सर. फक्त नंतर तुम्हाला वाटू नये की मी तुम्हाला फसवलं."

शेनसरांच्या तोंडाशी बरंच काही आलं होतं. तुमच्या वर्गाला मीच गप्प केलं, हे त्यातलं पहिलं. पण ते म्हणाले, "पाणी सांडतंय."

बाईंनी नळ बंद केला. त्यांचा हात लाल झाला होता. तो त्यांनी कोटाच्या खिशात घातला, थर्मास उचलला आणि त्या गेल्या.

गुरुवारी थंडी बोचरी होती. नदीवरून वारा येत होता, आणि यांगत्सेच्या दक्षिणेला इमारतींना ऊब द्यायची पद्धत नसल्यामुळे वर्गातही तेवढंच गारठलेलं होतं. निम्म्या पोरांच्या मांडीवर गरम पाण्याच्या रबरी पिशव्या होत्या. दाराशी टांगलेल्या कापडी कप्प्यांत सगळ्यांचे मोबाइल ठेवलेले. एकूण एक. शेनसर आणि लुओसाहेब आत आले तसा वर्ग उभा राहिला आणि एका सुरात सुप्रभात म्हणाला. सूर जरा जास्तच जुळलेला होता.

दोघं मागच्या बाकावर बसले. सरांनी छापील कागद समोर ठेवला आणि दोन्ही हात रिकामेच त्याच्यावर ठेवले. बायकोचं ऐकून पेन खरंच घरी ठेवलं होतं.

"लिहीत नाही?" लुओसाहेबांनी हळूच विचारलं.

"नंतर."

धडा हॉटेलात तक्रार कशी करावी याचा होता. खोलीत गरम पाणी येत नाही, चादर ओली आहे, शेजारचा पाहुणा गातो. बाईंनी पहिला प्रश्न विचारला आणि वर्गभर हात वर झाले. इतके हात या विद्यापीठात कुठल्याच तासाला वर होत नसतील. शेनसर ते हात बघत राहिले. उजवा, उजवा, डावा, उजवा, डावा, डावा. डावे हात जास्त ताठ होते.

बाई वर्गावर एक नजर टाकायच्या आणि मग जमिनीकडे बघत नाव घ्यायच्या. "समर." वर्गाची प्रमुख असलेली उंच मुलगी उठली आणि तिनं चादरीची तक्रार घडाघडा म्हणून दाखवली. "रॉकेट." चष्मा लावलेला एक संथ मुलगा उठला आणि त्यानं शेजारच्या गाणाऱ्या पाहुण्याची तक्रार केली. दोघांचे हात उजवे होते. कुठला हात ते बघायचंच नाही असं बाईंनी ठरवलं असेल, पण डोळे त्यांचं ऐकत नव्हते. त्यांच्याही घरी लहान मुलगी होती.

"थंडर," बाई म्हणाल्या, आणि तिसऱ्या रांगेतली एक चिमणीएवढी मुलगी उजवा हात खाली घेत उठली. हजेरीपटावर तिचं नाव तिंग शुएमेइ. मागच्या खेपेला तिनं तासभर मान वर केली नव्हती. गरम पाणी येत नाही, एवढं तिनं कसंबसं म्हटलं आणि ती खाली बसली. रबरी पिशवी मांडीवरून घसरून फरशीवर पडली, तिचा ओला आवाज झाला, पण कुणी हसलं नाही.

लुओसाहेब शेनसरांच्या कानाशी वाकले.

"उजवे हात, डावे हात," ते म्हणाले. "सर, मीही शाळेत गेलोय. अधिकारी यायचे तेव्हा आम्हीही असेच बसायचो."

शेनसरांनी रिकामे हात कागदावरून खाली घेतले.

"हे नाटक आहे. नाटक वाईट नाही, पण याच्यावर मी सही करू शकत नाही. तुम्ही विचारा एखादा प्रश्न. धड्याबाहेरचा, यांच्या स्वप्नातही नसेल असा. बघू काय होतंय."

"मी?"

"मग काय, मी? मला तुम्हीच पास केलंत. माझं इंग्रजी तुम्हाला माहीतच आहे."

आणि सरांनी काही म्हणायच्या आत लुओसाहेब उठून उभे राहिले. "थानबाई, जरा थांबवतो. शेनसर वर्गाला एक प्रश्न विचारणार आहेत. इंग्रजीतून."

वर्गातले हात खाली आले. समरनं मागे वळून पाहिलं, मग एकेक करून सगळेच वळले. थानबाई फळ्याशी खडू धरून उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर आता काहीच नव्हतं. संपलं, हे त्यांना कळलेलं दिसत होतं.

शेनसर उठले.

प्रश्न त्यांच्या डोक्यात होते. एकाहून एक चांगले बांधलेले, कर्ता, क्रियापद, सगळं जागच्या जागी. पण प्रत्येक प्रश्नात एक तरी शब्द असा होता, ज्याचा आवाज त्यांना खात्रीनं माहीत नव्हता. एक प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला, दुसरा घेतला. त्यातही तसाच एक शब्द. तिसऱ्याचा पहिला शब्द ओठांवर आला आणि तिथंच राहिला. सोपा प्रश्न विचारला तर लुओ म्हणेल, मुलांना वाचवलंत. अवघड विचारला तर मुलं बुडतील, आणि त्यांच्याबरोबर बाई. आणि यातलं काहीच झालं नाही, तर नुसतंच असं उभं राहावं लागेल.

ते नुसतेच उभे राहिले.

वर्गात मागच्या खेपेला होती तशीच शांतता पसरली. त्यांनी बाकाची कड धरली. त्यांना वाटलं, हे इतकं लांबतं हे मला माहीतच नव्हतं. मागे बसून ऐकताना ते एवढं लांब वाटत नाही. लुओसाहेबांनी घसा खाकरला. थानबाई एक पाऊल पुढे आल्या आणि थांबल्या. मदत करावी तर नियमाबाहेर, न करावी तर माणुसकीबाहेर, असं काहीतरी त्यांचं झालं होतं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक बारीक आवाज आला. इंग्रजीत.

"सर. सावकाश. घाई नाही. आम्ही थांबतो."

थंडर बोलली होती. हात वर न करता, जागेवरून न उठता. बोलली आणि स्वतःच घाबरून बाकाला चिकटली. ही वाक्यं थानबाईंची होती. कुणी अडखळलं की बाई हेच म्हणायच्या आणि खरंच थांबायच्या. मागच्या वेळी शेनसरांनी त्याचेच गुण कापले होते, वेळेच्या नियोजनाच्या रकान्यात.

"आम्ही थांबतो," रॉकेट म्हणाला.

"खूप वेळ आहे," समर म्हणाली. "दुपारपर्यंत तास नाही."

आणि वर्ग थांबला. सगळी पोरं मागे वळून, गरम पिशव्या पोटाशी धरून, अगदी मनापासून थांबली.

"जेव्हा," शेनसर म्हणाले. आवाज फुटला आणि पुन्हा बसला. "जेव्हा तुम्हाला... काही सांगायचं असतं. आणि शब्द... येत नाही. तेव्हा... तुम्ही काय करता?"

एक शब्द त्यांनी चुकीचा म्हटला होता. म्हणता म्हणताच ते त्यांना कळलं. पण प्रश्न निघून गेला होता.

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. याचं उत्तर कुणी पाठ केलेलं नव्हतं. कुठलाच हात वर झाला नाही.

"मी हसते," समर म्हणाली आणि हसली.

"मी खिडकीत बघतो," रॉकेट म्हणाला. "खिडकी नाही, तर बूट बघतो."

"बूट चांगले नसले तर?" कुणीतरी मागून, तेही इंग्रजीतच.

"तर तुझे बघतो."

वर्ग हसला. ॲपल नावाचा एक आडदांड मुलगा उठला. "मी म्हणतो, हे इंग्रजीत काय म्हणतात? मग समोरचा माणूस विचार करतो. मी आराम करतो."

आता बाईही हसत होत्या, खडू दोन्ही हातांत घट्ट धरून. दोघं-तिघं एकदमच बोलायला लागले. एकाचं वाक्य मोडलं की दुसरा ते उचलायचा. एक जण म्हणाला की तो फोनवर असला तर 'आवाज येत नाही' म्हणतो आणि फोन ठेवतो. लुओसाहेब मान तिरकी करून ऐकत होते, अर्धं कळत होतं, अर्धं नाही.

मग थंडर पुन्हा बोलली. तिला बोलायचंय हे शेजारणीला आधी कळलं आणि तिनं इतरांना गप्प केलं.

"मी मनात बोलते," थंडर म्हणाली. प्रत्येक शब्दापाशी ती थांबत होती. "शब्द शोधते. खूप शोधते. झोपताना शब्द सापडतो. पण... माणूस नसतो. माणूस गेलेला असतो."

सगळ्यांनी पुन्हा शेनसरांकडे पाहिलं.

"मीही," शेनसर इंग्रजीत म्हणाले. "मीही तसंच." आणि खाली बसले.

लुओसाहेबही शेजारी बसले. मग हळूच म्हणाले, "हे तालमीतलं नव्हतं."

"नव्हतं."

"तुम्ही आधी त्यांना काही सांगून ठेवलं होतंत?"

"मी इतकी वर्षं कुणालाच काही सांगितलेलं नाही," शेनसर म्हणाले.

तासानंतर लुओसाहेबांच्या खोलीत सरांनी तो कागद भरला. पेन लुओसाहेबांचंच घेतलं. गुण दिले. खालच्या ओळींत लिहिलं, की या वर्गाला बोलायची इच्छा आहे आणि मागचा शेरा रद्द समजावा.

"नुसतं रद्द म्हणून नाही चालत," लुओसाहेब म्हणाले. "वरचे विचारतील, तेव्हा दिसली नव्हती ती आता कशी दिसली? मध्ये काय बाईंनी जादू केली? कारण लिहा."

सरांनी कारण लिहिलं. वेळ लागला, पण खाडाखोड झाली नाही. कागद त्यांनी वळवून पुढे केला. लुओसाहेबांनी वाचला आणि कपाळाला हात लावला.

"'निरीक्षकाला इंग्रजी बोलण्याचा सराव नाही. मागील तासाला निरीक्षक स्वतःसाठी शब्द टिपून घेत होता. त्यामुळे विद्यार्थी गप्प झाले.' सर, हे काय आहे?"

"कारण."

"हे असं वर जाणार. लोक वाचतात हो हे."

"वाचू देत."

"मी दुसरं काहीतरी लिहितो. त्या दिवशी वर्ग थकलेला होता, आदल्या रात्री त्यांची कसलीतरी परीक्षा होती. कोण बघायला येतंय?"

"वर्ग थकलेला नव्हता. तो बोलायला लागला होता. मी लिहायला लागलो आणि तो थांबला."

लुओसाहेबांनी पेल्यावरचं झाकण उचललं, परत ठेवलं. "हे गेलं तर पुढच्या सत्रात तुम्हाला बोलवता येणार नाही मला. याच तासाला असं नाही. कुठल्याच. बोलण्याच्या तासाचा निरीक्षक, आणि बोलता येत नाही म्हणून लेखी देतो... मी काय तोंड दाखवू?"

"कळतंय मला."

"तुम्हाला हे काम आवडतं, सर."

"आवडतं," शेनसर म्हणाले. इतकं सरळ उत्तर त्यांनी दिल्याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. मागच्या बाकावरून दिसणाऱ्या माना, खिडकीबाहेरचं कापराचं झाड, पोरांच्या तोंडून येणारे शब्द. हे सगळं आता नसणार होतं. "बाईंचं काय?"

"वर्षभर वाढवून देता येईल. याच्यावर सही करतो मी. पुढचं पुढच्या वर्षी. त्याचं वचन मी देऊ शकत नाही."

"वर्ष पुष्कळ आहे," सर म्हणाले.

जिन्यात थानबाई उभ्या होत्या. नियमानं आता भेटायला हरकत नव्हती. सरांनी मान हलवली, हो अशी, आणि बाईंनी भिंतीला पाठ टेकली. खालून कुणीतरी घाईघाईनं वर येत होतं, म्हणून सर बाजूला झाले आणि उतरायला लागले.

उत्तर लिहायला त्यांना पुढचे दोन दिवस लागले. पेइझेननं एकदा डोकावून पाहिलं आणि ती परत गेली. इंग्रजीतच लिहिलं. पहिल्या ओळीत, ते काय लिहीत होते ते. त्याखाली, त्या दिवशी टिपलेले शब्द, सगळे, एकाखाली एक. आणि शेवटी एक विनंती, की यांतला कुठला शब्द मी अजूनही चुकीचा म्हणत असेन, तर कृपया मला सांगावं. पेइझेन म्हणाली, एवढं पाच मिनिटांच्या अंतरावर आहे, हातात नेऊन दे. ते नको म्हणाले. हातात दिलं तर बोलावं लागेल, आणि बोलायला लागलो तर निम्मं राहील. एवढं एकदा पुरं जाऊ दे.

सोमवारी ते फाटकाजवळच्या टपाल कचेरीत गेले. पार्सलांच्या खोक्यांनी जागा इतकी भरली होती, की खिडकीपर्यंत जायला आडवं व्हावं लागत होतं. मागे विद्यार्थ्यांची रांग होती. खिडकीतल्या मुलीनं पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"आजोबा, हे तर इथलंच. ती समोरची इमारत. तिकीट कशाला लावताय?"

"टपालानंच जाऊ दे."

"आणि ही नावं? यांच्यात आडनावच नाही कुणाला. नावं तर इंग्रजीतली. मला नाही वाचता येत. मी कप्प्यात टाकणार कुणाच्या?"

"यांत्रिकी, दुसरं वर्ष, तुकडी तीन. खाली आपल्या लिपीत लिहिलंय ते. नावं त्यांची त्यांना कळतात."

"तरी सांगा ना, काय म्हणायचं यांना? चौकीतला म्हातारा मला विचारतो, मग मी काय सांगू?"

मागच्या रांगेतली कुजबुज थांबली होती. शेनसरांनी चष्मा नीट केला. पाकीट काचेपलीकडे तिच्याच हातात होतं, त्यांना ते उलटं दिसत होतं, पण वाचायची गरज नव्हती.

"समर," ते म्हणाले. "रॉकेट. ॲपल. थंडर." थोडं थांबून पुढची नावंही त्यांनी एकेक करून घेतली, मोठ्यानं, सावकाश. मुलगी ओठ हलवत त्यांच्यामागून म्हणत होती. मग तिनं पाकिटावर शिक्का मारला आणि ते मागच्या पिशवीत टाकलं.